पडद्यावरचा बूट, कारखान्यातला बूट

नेहमीच्या ऑनलाइन दुकानात वस्तू आधी तयार असते आणि गिऱ्हाईक नंतर येते. कस्टमायझेशनच्या संकेतस्थळावर हा क्रम उलटतो. गिऱ्हाईक आधी रंग, कापड, नक्षी, नाव निवडते, पैसे भरते आणि मग कुठे वस्तू बनायला लागते. शिंप्याकडे शर्ट शिवायला टाकावा तसाच हा व्यवहार. पण शिंपी माप घेता घेता ‘या कापडाला ही कॉलर बसायची नाही’ असे तोंडावर सांगून टाकतो. संकेतस्थळाला हे शहाणपण कोणीतरी आधीच शिकवून ठेवावे लागते. अशी संकेतस्थळे नव्याने बांधण्याची वेळ येते ती बहुतेकदा हे शहाणपण कुठे लिहून ठेवले आहे तेच कोणाला सापडेनासे झाल्यावर.

ठोक उत्पादनाच्या किमतीत ज्याला त्याला हवे तसे करून देण्याची कल्पना संकेतस्थळांहून जुनी आहे. जोसेफ पाइन यांचे ‘मास कस्टमायझेशन’ हे पुस्तक १९९३ मध्ये आले. पुढच्याच वर्षी लेव्हाइसने अमेरिकेत बायकांच्या मापाप्रमाणे जीन्स शिवून देण्याची योजना सुरू केली. तिथे माप दुकानातच घेतले जाई. १९९९ मध्ये नायकीने ‘नायकी आयडी’ या नावाने बूट रंगवून मागवण्याची सोय इंटरनेटवर आणली आणि हा प्रकार घराघरांत पोचला. पाठोपाठ खेळणी, चॉकलेटच्या गोळ्या, पिशव्या, चष्मे, सगळ्यांचीच अशी संकेतस्थळे निघाली.

त्यातली बरीचशी फ्लॅश या तंत्रावर उभी होती. त्या काळात पडद्यावर बूट गोल फिरवून दाखवायला दुसरा सोपा मार्ग नव्हता. २००७ मध्ये आलेल्या आयफोनवर मात्र फ्लॅश चालत नव्हते, आणि लोक खरेदीसाठी संगणकाकडून फोनकडे वळू लागले तसे हे दुखणे वाढत गेले. जुलै २०१७ मध्ये अडोबीने फ्लॅश बंद करण्याची घोषणा केली आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर त्याला कोणताही आधार उरला नाही. चित्रे बदलणे त्या मानाने सोपे होते. पण पुष्कळदा रंगांच्या याद्या, किमती आणि ‘हे त्याच्यासोबत चालत नाही’ असे नियमही त्या फ्लॅशच्या फायलीतच कोंबलेले असत. त्यामुळे नवे संकेतस्थळ म्हणजे नुसती रंगरंगोटी राहत नाही, घराचा पायाच उकरावा लागतो.

एकात्मिक प्लॅटफॉर्म हा शब्द इथे येतो. पडद्यावरची निवड, उत्पादनाची माहिती, नियम, किंमत, पैसे भरणे, ऑर्डरची नोंद, कारखान्याला जाणारे जॉब कार्ड आणि तक्रार निवारणाच्या टेबलावरचा संगणक या सगळ्यांनी एकाच नोंदीवरून काम करावे, एवढाच त्याचा अर्थ. हे सारे एकाच कंपनीचे सॉफ्टवेअर असले पाहिजे असे नाही. वेगवेगळे भाग एकमेकांशी ठरलेल्या पद्धतीने बोलले तरी पुरते. महत्त्वाचा असतो तो प्रत्येक डिझाइनला मिळणारा क्रमांकाचा बिल्ला. त्या क्रमांकावर तळ कोणता, नाडी कोणती, नाव काय हे सगळे उलगडले पाहिजे, आणि गिऱ्हाइकाचा फोन आला की कर्मचाऱ्यालाही तेच दिसले पाहिजे.

या रचनेचा खरा मेंदू नियमांत असतो. त्याची एक नामी गोष्ट १९८० सालची आहे. अमेरिकेतली डिजिटल इक्विपमेंट ही कंपनी व्हॅक्स संगणक गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे जुळवून विकत असे, आणि कधी केबलच राहिली, कधी सुटे भाग एकमेकांना बसेनात असे घोळ होत. कार्नेगी मेलन विद्यापीठातले जॉन मॅकडरमॉट यांनी त्यासाठी ‘एक्सकॉन’ ही प्रणाली तयार केली. तिच्यात पुढे सुमारे २,५०० नियम होते. १९८६ पर्यंत तिने ८०,००० ऑर्डरी हाताळल्या आणि कंपनीचे वर्षाला अडीच कोटी डॉलर वाचत असल्याचा अंदाज होता. आजच्या बुटांच्या संकेतस्थळामागचे यंत्र याच जातीचे आहे. नियम प्रोग्रॅमच्या पोटात न लिहिता वेगळ्या तक्त्यांत ठेवायचे, म्हणजे मरून रंगाचे चामडे संपले तर प्रोग्रॅमरची वाट न पाहता उत्पादन विभागातला माणूस तो रंग बंद करू शकतो. दिखाऊ पडद्यावर खर्च करणारे आणि या तक्त्यांवर कंजुषी करणारे प्रकल्प पुढे रडतात.

चित्रांचा प्रश्न हिशेबाचा आहे. बुटाचे ८ भाग आणि प्रत्येकाला १० रंग धरले तर १० कोटी वेगवेगळे बूट होतात. प्रत्येक बूट ६ कोनांतून दाखवायचा तर ६० कोटी छायाचित्रे. कोणीही ती काढत नाही. जुना उपाय म्हणजे प्रत्येक भागाचे प्रत्येक रंगातले पारदर्शक चित्र करून ती एकावर एक रचणे. मग ४८० चित्रांत काम भागते. दुसरा उपाय त्रिमिती नमुन्याचा. ब्राउझरमध्येच त्रिमिती चित्र रंगवणाऱ्या वेबजीएलचे पहिले प्रमाण २०११ मध्ये आले आणि फ्लॅशशिवाय बूट फिरवता येऊ लागला. पण स्वस्त फोनवर जड नमुना अडखळतो, म्हणून अनेक ठिकाणी दोन्ही पद्धती जोडीने ठेवतात. चामड्याचा रंग पडद्यावर हुबेहूब दिसतच नाही. तिथे नमुन्याचा तुकडा प्रकाशात धरून रंग जुळवणारा अनुभवी डोळाच लागतो.

सगळ्यांत खट्याळ भाग म्हणजे गिऱ्हाइकाने लिहिलेला मजकूर. २००१ मध्ये जोना पेरेटी या विद्यार्थ्याने, ज्याने पुढे बझफीड काढले, नायकीच्या बुटावर ‘स्वेटशॉप’ हा शब्द मागितला. मजुरांना पिळून घेणारा कारखाना असा त्याचा अर्थ, आणि नायकीवर तेव्हा नेमका तोच आरोप होत होता. कंपनीने नकार दिला, तो अयोग्य बोलभाषेतला शब्द असल्याचे सांगितले. त्याने शब्दकोशाचा दाखला दिला. हा ईमेलव्यवहार जगभर फिरला. तेव्हापासून शिव्यांच्या यादीइतकाच विचार ब्रँडला खिजवणाऱ्या शब्दांचाही करावा लागतो, आणि यादीत न बसणारा मजकूर माणसाच्या नजरेखालून घालावा लागतो.

देवनागरीत नाव छापायचे असेल तर अडचण आणखी वेगळी. ‘श्रीकृष्ण’ हे नाव वाचणाऱ्याला तीन अक्षरांचे वाटते, पण युनिकोडमध्ये त्याची ९ चिन्हे होतात. ‘कमाल ८ अक्षरे’ अशी इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून घातलेली अट हे नाव नाकारते. दुसरा घोटाळा जोडाक्षरांचा. फोनच्या पडद्यावर ‘विठ्ठल’ नीट दिसते, कारण ब्राउझरला देवनागरी जुळवणी येते. तेच नाव कपावर छापणाऱ्या यंत्राच्या सॉफ्टवेअरला ती येत नसेल तर वेलांटी ‘व’च्या मागे जाऊन पडते आणि ‘ठ्ठ’चे दोन तुकडे होतात. यावर साधा उपाय आहे: पडद्यावर दाखवलेले नाव अक्षरे म्हणून न पाठवता रेषाकृती म्हणून कारखान्यात पाठवायचे, म्हणजे तिथे पुन्हा जुळवणीचा प्रश्नच येत नाही.

पडदा आणि गोदाम यांचा मेळ बसला नाही तर काय होते, ते लेगोच्या अनुभवात दिसते. २००५ मध्ये लेगोने स्वतःचे मॉडेल संगणकावर रचून त्याचे ठोकळे मागवण्याची सोय आणली. पडद्यावर हवा तो ठोकळा एकेक करून निवडता येई, गोदामात मात्र ठोकळे ठरलेल्या पिशव्यांत भरलेले होते. चार ठोकळ्यांसाठी आख्खी पिशवी विकत घ्यावी लागे. शेवटी चाहत्यांनीच कोणत्या पिशवीत काय आहे हे शोधून सॉफ्टवेअरला जोड तयार केली, आणि लेगोने रागावण्याऐवजी त्याचे स्वागत केले. पुढे ‘डिझाइन बाय मी’ असे नाव घेतलेली ही सेवा २०१२ च्या जानेवारीत थांबली.

जुने संकेतस्थळ एका रात्रीत उतरवून नवे चढवण्यात धोका असतो. मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये यावरची एक पद्धत सांगितली आणि तिला दुसऱ्या झाडावर रुजणाऱ्या अंजिरवर्गीय झाडाचे नाव दिले. माडाच्या बेचक्यात उगवलेला वड ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती वेगळी समजवावी लागत नाही: वरून मुळ्या सोडत सोडत वड जमिनीला टेकतो आणि मग आतले झाड नसले तरी उभा राहतो. तसेच आधी एकच उत्पादन, मग एकच देश नव्या प्लॅटफॉर्मवर आणायचा, बाकीची रहदारी जुन्याकडे वळवत राहायची. मधल्या काळात तीच ऑर्डर दोन्हीकडे चालवून जॉब कार्डे ताडून पाहतात. जतन केलेल्या जुन्या डिझाइनांचे काय करायचे, हेही आधीच ठरवावे लागते, कारण तीन वर्षांपूर्वीचा रंग आता बनत नसतो आणि गिऱ्हाइकाला मात्र तोच बूट पुन्हा हवा असतो. म्हणून प्रत्येक डिझाइनसोबत ते करतानाच्या नियमांची आवृत्तीही साठवतात आणि नसलेल्या रंगाच्या जागी जवळचा रंग सुचवतात.

चुकीचा भुर्दंड इथे नेहमीच्या दुकानापेक्षा मोठा असतो. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत रद्द करता येते, पण गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून घडवलेल्या वस्तूंना ही सवलत लागू नाही. मागवलेल्यापेक्षा वेगळेच काही पोचले तर मात्र ते विक्रेत्याच्याच गळ्यात पडते, आणि कोणाचे तरी नाव कोरलेला बूट दुसऱ्याला विकता येत नाही. त्यासाठी पैसे भरण्याआधी नाव पुन्हा मोठ्या अक्षरांत दाखवून ‘हेच छापायचे आहे ना?’ असे विचारतात आणि गिऱ्हाइकाने पाहिलेले शेवटचे चित्र ऑर्डरसोबत जपून ठेवतात.