३० हजार कॉम्प्युटर, एक सॉफ्टवेअर: अख्ख्या सरकारचं ‘ऑफिस’ बदलतात तरी कसं?

घरच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकायचं म्हणजे काय? डाउनलोड करायचं, चार वेळा ‘नेक्स्ट’ दाबायचं, शेवटी ‘फिनिश’. दहा मिनिटांत विषय संपला. पण हेच काम ३० हजार कॉम्प्युटरवर करायचं असेल तर?

जर्मनीच्या उत्तरेला श्लेस्विग-होल्स्टाइन नावाचं राज्य आहे. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने ठरवलं, की सरकारी कॉम्प्युटरवरून मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढायचं आणि त्या जागी लिब्रेऑफिस आणायचं.

लिब्रेऑफिस म्हणजे काय?

वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटची कामं करणारं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर. म्हणजे त्याचा कोड कुणीही बघू शकतं, बदलू शकतं आणि ते वापरायला लायसन्सचे पैसे लागत नाहीत. २०१० मध्ये ते ओपनऑफिसमधून वेगळं झालं. आज ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही संस्था ते सांभाळते. त्याचे मेनू मराठीतही मिळतात.

मग बदलायचं का?

पहिलं कारण पैसा. दुसरं त्याहून मोठं. सरकारच्या फाइल्स ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्याची किंमत आणि नियम परदेशी कंपनी ठरवणार असेल, तर त्या फाइल्सवर ताबा नक्की कुणाचा? जर्मन लोक याला ‘डिजिटल सार्वभौमत्व’ म्हणतात.

प्रत्येक कॉम्प्युटरवर माणूस जातो का?

नाही. आयटी विभाग एक पॅकेज तयार करतो आणि ते मुख्य सर्व्हरवरून सगळीकडे पाठवतो. इन्स्टॉल होताना स्क्रीनवर एकही प्रश्न येत नाही, कारण उत्तरं आधीच भरलेली असतात. याला ‘सायलेंट इन्स्टॉल’ म्हणतात.

त्यातलाच एक प्रश्न भाषेचा. विंडोजवर लिब्रेऑफिसच्या एकाच फाइलमध्ये सगळ्या भाषा असतात. कुठल्या बसवायच्या ते आधी सांगता येतं. लिनक्सवर भाषेचं पॅक वेगळं टाकावं लागतं. पण मेनू आपल्या भाषेत आले म्हणजे काम झालं असं नाही. स्पेलचेकला त्या भाषेचा शब्दकोश लागतो. तारीख, चलन, फॉन्ट हेही आधीच ठरवून द्यावं लागतं.

फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये सेव्ह व्हावी हेसुद्धा आयटी विभाग लॉक करू शकतो. नाहीतर एका टेबलावरची फाइल दुसऱ्या टेबलावर वेगळीच दिसायची!

मग अडतं कुठे?

इन्स्टॉल करणं सोपं असतं. खरी डोकेदुखी म्हणजे वर्षानुवर्षं साठलेले पत्रांचे नमुने, एक्सेलमधले मॅक्रो आणि थेट वर्डलाच जोडलेली खात्यांची सॉफ्टवेअर. शिवाय माणसांची सवय वेगळीच. श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये ई-मेलची यंत्रणाही बदलली. ४० हजारांहून जास्त मेलबॉक्स हलवताना कर्मचाऱ्यांच्या तक्रारी आल्याच. हे काम ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झालं.

याच देशात म्युनिक शहराने २००३ मध्ये विंडोज सोडून लिनक्स आणि ओपन सोर्स ऑफिसकडे जायचं ठरवलं होतं. पत्रांच्या नमुन्यांसाठी तर त्यांनी ‘वोलमक्स’ नावाचं वेगळं सॉफ्टवेअरच बनवलं. २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार कॉम्प्युटर बदलले. तरी २०१७ मध्ये नगरपरिषदेने पुन्हा विंडोजकडे जायचा निर्णय घेतला.

फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने घाई केली नाही. २००५ मध्ये आधी फक्त ऑफिस सॉफ्टवेअर बदललं, मग ब्राउझर आणि ई-मेल. लोकांना सवय झाल्यावर २००८ पासून विंडोजच्या जागी लिनक्स आणायला सुरुवात केली. ते लिनक्स आजही वापरात आहे.

आपल्याकडे याचं काय?

फेब्रुवारी २०२५ च्या शासन निर्णयात महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत मराठी सक्तीची केली गेली. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर देवनागरी अक्षरंही हवीत, असं त्यात म्हटलंय. पण कीबोर्ड मराठी आणि समोरचे मेनू इंग्रजी, असंच राहिलं तर काम अर्धंच झालं.

आणि आपली एक खास अडचण आहे. युनिकोड रुळण्याआधी वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर. तो फॉन्ट नसेल तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. फॉन्ट असला, तरी त्यात मराठी शब्द सर्च होत नाही आणि स्पेलचेक चालत नाही. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागेल, मग सॉफ्टवेअर कुठलंही असो.

थोडक्यात, सॉफ्टवेअर फुकट मिळतं, बदल फुकट होत नाही. प्रशिक्षण, नमुने, जुन्या फाइल्स आणि अडलं तर मदतीला माणूस, या सगळ्याला पैसे लागतात. फरक इतकाच, की हा खर्च दरवर्षीच्या लायसन्सवर न जाता आपल्याच माणसांवर आणि आपल्याच भाषेवर होऊ शकतो.