दोन स्टेशनांमधली चाल

कल्याणच्या पुढे लोकलचा मार्ग दुभंगतो, एक फाटा कसाऱ्याकडे आणि दुसरा कर्जतकडे. रविवारी सकाळी दोन्हीकडे पाठपिशव्यांचे घोळके दिसतात. बहुतेकांना गड गाठायचा असतो. काहींचा बेत साधा असतो: एका स्टेशनात उतरायचे, माळ, गावे आणि नदीकाठ तुडवायचा आणि पुढच्या स्टेशनात परतीची गाडी धरायची. टिटवाळा ते खडवली हा पट्टा त्याला सोयीचा आहे. टिटवाळ्याला काळू नदी, खडवलीला भातसा आणि रुळांच्या मापाने मधले अंतर सुमारे सात किलोमीटर. गाववाटा सरळ जात नाहीत, त्यामुळे पायांना त्याहून बरेच जास्त पडते.

वस्ती सुटली की माळ लागतो. काळ्या कातळावर मुरमाचा पातळ थर, त्यावर गवत, मधूनमधून करवंदीची जाळी. मार्चमध्ये तो इतका भकास दिसतो की शहरी माणूस त्याला बिनदिक्कत पडीक म्हणतो. शेतकरी अशा उंचवट्याच्या जमिनीला वरकस म्हणतो, आणि भातशेतीची सुरुवात तिथूनच होते. उन्हाळ्यात वरकसावरचे गवत, पालापाचोळा आणि फांद्या खाचराच्या कोपऱ्यात आणून शेणासह थरांनी रचतात, वर माती पसरतात आणि पेटवतात. याला राब भाजणे म्हणतात. आचेने तणाचे बी मरते, राख खताच्या कामी येते आणि पाऊस पडताच त्या जागी भाताची रोपे तयार करतात. एप्रिलमध्ये शेतात दिसणारे काळे चौकोन राबाचे असतात. वाटसरू त्यांना वणव्याच्या खुणा समजतात. वणवे लागतात ते वेगळे. डोंबिवलीजवळच्या उंबार्ली टेकडीवर पक्षिप्रेमींना दर उन्हाळ्यात त्यांची धास्ती असते.

माळाच्या गवताला बाजारही होता. मुंबईच्या घोड्यांना आणि तबेल्यातल्या म्हशींना ठाणे जिल्ह्यातून गवत जात असे. 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू-उंबरगाव भागात वारल्यांनी संप केला, त्यात गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न मुख्य होता. त्या लढ्याची हकीगत गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात आहे.

उन्हाळ्यात माळावर पायाखाली बघून चालावे लागते. माळटिटवी घरटे बांधायच्या भानगडीत पडत नाही. ती उघड्या जमिनीवरच अंडी घालते आणि त्यांचा रंग आसपासच्या खड्यांत मिसळून जातो. पक्षी ओरडत घिरट्या घालू लागला की घोळक्याने वाट बदलावी, हे जुने भटके नवख्यांना पहिल्याच दिवशी सांगतात.

माळ उतरला की खाचरे आणि गाव. बांधावरून एकामागे एकच जाता येते, म्हणून पुढे वाट माहीत असलेला आणि अगदी मागे एखादा दमाचा माणूस ठेवतात. चालीचा वेग सगळ्यांत हळू चालणाऱ्यावर ठरतो. ओला बांध पावलांनी फुटला तर खाचरातले पाणी निघून जाते, आणि लावणीच्या दिवसांत शेतकऱ्याला ते परवडत नाही. जूनच्या सुरुवातीला गावांच्या आसपास आदिवासी बाया शेवळे ही रानभाजी खुडताना दिसतात. तीच शेवळे पुढे कल्याण-ठाण्याच्या बाजारात जुड्यांनी विकली जातात. शेवळांनी घसा खाजतो, म्हणून भाजीत काकडाची आंबट फळे घालतात. शेवळांबरोबर काकडे मागून घेणारे गिऱ्हाईक जाणकार समजावे.

अशी मोकळी चाल सगळीकडे जमत नाही. ठाण्याजवळच्या येऊरचा हिशेब निराळा. तिथे आदिवासी पाडे असले तरी भोवतालचे रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे, म्हणजे बिबट्याचेही आहे. तिथे वनखात्याचे नियम चालतात, हवी ती वाट धरता येत नाही.

नदीकाठाला उंबर, करंज आणि जांभळाची सावली असते, त्यामुळे जेवणाचे डबे तिथेच उघडतात. हिवाळ्यात हा काठ निर्धोक वाटतो. पावसाळ्यात मात्र घाटावर कोसळलेले पाणी थोड्या तासांत खाली येते आणि काठावर ऊन असतानाही पातळी चढू शकते. उल्हास नदीने जुलै 2019 मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान रुळांना वेढा घातला तेव्हा महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना 27 तारखेला बाहेर काढावे लागले. खडवलीला तर वरवर शांत दिसणाऱ्या पात्रातही पोहायला उतरलेले लोक बुडाले आहेत. म्हणून जाणती मंडळी जुलै-ऑगस्टमध्ये माळावरच फिरतात आणि नदीकाठची चाल भातकापणीनंतर, खाचरे कोरडी झाली की धरतात.