जाहिरात अडली, पण कोणती?

इथे डोणगावात समोर बसलेल्यांपैकी बरेच जण स्पर्धा परीक्षेची तयारी करताहेत, म्हणून एका शब्दापासून सुरुवात करतो : जाहिरात. टीव्हीवर साबणाची येते ती जाहिरात. आणि अभ्यासिकेत कोणी म्हणालं, ‘जाहिरात आली रे’, तर ती भरतीची. तुम्ही लगेच विचारता, जागा किती, शेवटची तारीख कधी? शब्द एकच, पण तुमचा गोंधळ होत नाही. ॲड ब्लॉकरचा होऊ शकतो.

कसा ते बघू. ब्लॉकर मजकूर वाचून, अर्थ लावून जाहिरात ओळखत नाही. त्याच्याकडे नियमांची यादी असते. सर्वात जास्त वापरात असलेली यादी म्हणजे ईझीलिस्ट. रिक पेटनेल यांनी ती २००५ मध्ये सुरू केली. आज स्वयंसेवक ती सांभाळतात आणि तिच्यात हजारो नियम आहेत. भारतीय भाषांतल्या साइट्ससाठी इंडियनलिस्ट नावाची पुरवणी यादीही आहे.

नियम मुख्यतः तीन प्रकारचे. पहिला : अमुक पत्त्यावरून काही आलं तर अडवा. दुसरा : पानावरच्या अमुक नावाच्या चौकटी लपवा. तिसरा अपवादाचा, ‘@@’ या चिन्हाने सुरू होणारा : याला सोडा.

आता समजा, एखाद्या कार्यालयाच्या साइटवर भरतीच्या सूचनेची चौकट आहे आणि ती बनवणाऱ्याने तिला नाव दिलं ‘ॲडव्हर्टाइजमेंट’. त्याचं चुकलं का? नाही, शब्दकोशाप्रमाणे बरोबरच. पण तेच नाव लपवायच्या यादीत असलं, तर चौकट गायब. तुम्हाला वाटतं, अजून जाहिरात आलीच नाही. तारीख निघून जाते. लिंक दाबून स्वतः उघडलेली पीडीएफ बहुधा उघडते. गडबड होते ती पानाच्या आत बसवलेल्या चित्रांची आणि चौकटींची.

दुसरा घोळ याहून लपलेला. फॉर्म भरला, ‘सबमिट’ दाबलं, काहीच होत नाही. बऱ्याचदा ते बटण आधी भेटींची मोजणी करणाऱ्या स्क्रिप्टला हाक मारतं आणि मग फॉर्म पाठवतं. ब्लॉकरने ती स्क्रिप्ट अडवलेली. हाकेला ओ येत नाही, काम तिथेच थांबतं. यावर तोडगा निघालाय : अडवलेल्या स्क्रिप्टच्या जागी नुसती ‘ओ’ देणारी निरुपद्रवी नक्कल ठेवायची. यूब्लॉक ओरिजिन हे करतं. फायरफॉक्सनेही मार्च २०२१ मध्ये, ८७ व्या आवृत्तीत, ‘स्मार्टब्लॉक’ नावाने हे आणलं. पण नक्कल काही ठरावीक स्क्रिप्टचीच असते, सगळ्यांची नाही.

मग ब्लॉकर काढून टाकायचा का? मुळीच नाही. फसवी ‘डाउनलोड’ बटणं आणि पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्ट तोच अडवतो. फक्त सवय लावा. महत्त्वाच्या पानावर काही कमी वाटलं, बटण चाललं नाही, तर ब्लॉकर त्या एकाच साइटपुरता बंद करा आणि पान पुन्हा लोड करा. कॉम्प्युटरवर क्रोम असेल तर इनकॉग्निटो विंडोत तेच पान उघडा. तिथे एक्स्टेन्शन्स, तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर, बंदच असतात. दोन्हीकडे पान वेगळं दिसलं, की दोष कुठे आहे ते कळलं. दोन्हीकडे सारखंच बिघडलेलं असेल, तर ब्लॉकरला बोल लावू नका.

आणि कळल्यावर गप्प बसू नका. यादी सांभाळणाऱ्यांना पानाचा पत्ता आणि काय दिसत नाही ते कळवा. मराठी पान बिघडलंय हे मराठी वाचणाऱ्याशिवाय त्यांना सांगणार कोण? त्यांनी एक ‘@@’ ची ओळ टाकली, की ती यादी वापरणाऱ्या सगळ्यांचंच काम होतं.

तुमच्यात वेबसाइट बनवणारेही असतील. त्यांना एवढंच : भरतीच्या चौकटीला ‘भरती’ म्हणा, आणि फॉर्मचं बटण मोजणीच्या स्क्रिप्टवर टांगून ठेवू नका. आता तुमचे प्रश्न घेऊ.