इलियड : वाट्याचे भांडण

बारामतीकरांना युद्धकाव्य परके नाही. कऱ्हेकाठच्या याच गावी मोरोपंतांनी (१७२९–१७९४) महाभारत आर्यावृत्तात उतरविले. तेव्हा ग्रीकांचे ‘इलियड’ बारामती-इंदापूरच्या श्रोत्यांपुढे ठेवताना कोणाला नवी सवय लावावयाची नाही. पुराण ऐकण्याची जुनी सवयच कामी येईल. मला ग्रीक येत नाही. कामगार चळवळीतून सवड काढून भाषांतरांवरून जे वाचले, त्याच्याच आधाराने हे विवेचन केले आहे.

होमरच्या नावावर चालणाऱ्या या काव्याचे सर्ग २४ आणि ओळी १५ हजारांवर. ट्रॉयचा वेढा दहा वर्षांचा; काव्यात मात्र दहाव्या वर्षातील काही आठवडेच येतात. प्रसिद्ध लाकडी घोडा यात नाही. विषय आहे अकिलीझचा क्रोध, आणि त्या क्रोधाचे मूळ आहे वाट्यात. सेनापती अ‍ॅगॅमेम्नॉन याला लुटीत मिळालेली पुजाऱ्याची कन्या परत करावी लागली. तेव्हा भरपाई म्हणून त्याने अकिलीझच्या वाट्याची ब्रिसेइस हिसकावून घेतली. या दोघींना कोणी काही विचारले नाही, हेही आपण ध्यानात ठेवावे. अकिलीझने शस्त्र खाली ठेवले. महाभारतात वाटा नाकारला म्हणून युद्ध पेटते. येथे वाटा हिरावला म्हणून योद्धा युद्धातून उठतो. कामगाराच्या भाषेत हा संपच.

दुसऱ्या सर्गात थर्सायटीझ नावाचा एकजण सभेत उठतो. राजाचे तंबू लुटीने भरले आहेत, त्याने अकिलीझचा अपमान केला, आपण घरी जाऊ, असे तो म्हणतो. तक्रार अकिलीझचीच. पण ओडिसियस त्याच्या पाठीत राजदंड घालतो आणि सारे सैन्य हसते. कवीने त्याला कुरूप रंगविले आहे व त्याच्या बापाचे नावही दिलेले नाही. हसणारे त्याच्यासारखेच थकलेले होते. मग ते का हसले? चर्चेला याहून चांगला प्रश्न सापडणार नाही.

अकिलीझकडे मात्र नवव्या सर्गात शिष्टाई जाते. सोने, बारा घोडे, सात नगरे, सारे देऊ केले जाते. परंतु ‘त्याने माझ्यापुढे नमावे, मी मोठा राजा आहे’ हे अ‍ॅगॅमेम्नॉनचे शब्द ओडिसियस निरोप सांगताना गाळतो. बोलणी करणाऱ्याला ही चतुराई ठाऊक असते. अकिलीझ भुलत नाही; देणे वाढले, पण चूक कबूल झालेली नाही, हे तो ओळखतो.

त्याची बाजू न्यायाची, तरी मरतात कोण? ज्यांनी भांडण केलेच नाही ते. शेवटी त्याचा जिवलग पॅट्रोक्लस पडतो, तेव्हा तो उठतो आणि हेक्टरला मारून त्याचे प्रेत रथामागे फरफटवितो. न्याय्य रागालाही हिशेब असावा लागतो. तो चुकला की सोबती भरडले जातात.

अखेरच्या सर्गात म्हातारा प्रायम आपला पुत्र मारणाऱ्याचे हात चुंबून प्रेत मागतो. दोघेही रडतात. अकरा दिवस युद्ध थांबविण्याचे वचन मिळते आणि हेक्टरच्या अंत्यसंस्काराशी काव्य संपते. विजयाचा जयघोष नाही. ज्यांनी स्त्रीपर्वातील गांधारीचा विलाप ऐकला आहे, त्यांना हा शेवट समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून एका संध्याकाळी एकच सर्ग मोठ्याने वाचावा आणि नंतर इतकेच विचारावे : भांडण कोणाचे होते, आणि किंमत कोणी दिली?