इंजिनाने हवा धरली म्हणजे

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या सायंकाळी मी आमच्या धर्मग्रामातील एका वाडीवर एका वृद्ध मातेस कम्युनियन देण्यासाठी गेलो होतो. बेळगावच्या पश्चिमेकडील हा मुलूख. पावसाळ्यात गुडघाभर चिखल तुडवावा आणि चैत्रात विहिरीच्या तळाशी डोकावून पाहावे, असा येथला क्रम. त्या घरी दोन भाऊ, मध्ये एक भिंत. विहीर मात्र एक आणि तिच्यावरचे पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिनही एकच. विजेचे खांब त्या शेतापर्यंत पोचलेले नाहीत. पाणी पाळीपाळीने घ्यावयाचे, असा वडिलांच्या हयातीपासूनचा ठराव होता.

प्रार्थना आटोपून मी उठलो, तेव्हा म्हातारीने माझा हात धरला. म्हणाली, "फादर, इंजिनाचं मागनं बघा. आधी ह्या दोघांना बोलतं करा."

घडले होते ते असे. धाकट्याच्या पाळीत रात्री टाकी कोरडी पडली आणि इंजिन अडखळत बंद झाले. सकाळी त्याने डिझेल ओतले व हँडल मारले, इंजिन ढिम्म. दोन दिवस हाच उद्योग चालला. शेवटी बाजाराच्या गावाहून मेस्त्री आणला. त्याने पंप व नोझल दोन्ही बदलावी लागतील असे सांगितले, आणि त्याने उच्चारलेला आकडा ऐकून थोरल्याने भावाशी बोलणेच टाकले. इंजिन मोडीत घालावे व येतील ते पैसे वाटून घ्यावेत, येथवर मजल गेली होती. तिकडे मिरचीची रोपे दुपारच्या उन्हात माना टाकीत होती.

टाकी कोरडी पडून बंद झालेले इंजिन शेकडा नव्हे, बहुतेक सर्व वेळा बिघडलेले नसतेच. त्याने हवा धरलेली असते. आपल्याकडे "एअर घेतली" म्हणतात तीच गोष्ट. ती नीट समजून घ्यावी, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. तेथे सिलिंडरमधील हवा १६-१७ पट दाबली जाते, त्या दाबाने ती ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते, आणि त्या तप्त हवेत डिझेलचा बारीक तुषार सोडला की तो आपोआप पेट घेतो. हा तुषार पाडण्यासाठी नोझलपाशी सुमारे २०० किलो दर चौरस सेंटिमीटर इतका दाब लागतो. मोटारीच्या चाकात साधारण २ किलो असतो, यावरून कल्पना करावी. आपले इंजिन मिनिटास १५०० फेरे घेत असेल, तर हा तुषार मिनिटाला ७५० वेळा पडतो, आणि प्रत्येक खेपेस जाणारे डिझेल जेमतेम एका थेंबाइतके. आता गंमत पाहा. डिझेल दाबले तर आकसत नाही. पंपाने एका टोकाला ढकलले की दुसऱ्या टोकाला नोझल उघडलेच. परंतु त्या नळीत जोंधळ्याच्या दाण्याएवढा जरी हवेचा बुडबुडा अडकला, तरी पंपाचा सारा जोर तो बुडबुडा आवळण्यातच खर्च होतो. दट्ट्या मागे गेला की बुडबुडा पुन्हा फुगतो. नोझलला दाब पोचतच नाही. माणसाने दिवसभर हँडल फिरवावे आणि घाम गाळावा. मीही एकदा उमेदवारीच्या काळात एक सबंध दुपार अशी घालविली आहे.

रुडॉल्फ डिझेल यांचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली जर्मनीत औग्सबुर्ग येथे चालले, तेव्हा त्यात इंधन आत फुंकण्यासाठी दाबलेली हवाच वापरीत असत! पुढे नुसत्या पंपाच्या जोराने इंधन सोडण्याची रीत आली, आणि बॉश कारखान्याने १९२७ पासून असे पंप मोठ्या प्रमाणावर काढले. तेव्हापासून या नळ्यांत हवेला थारा राहिला नाही.

मी दोघा भावांना विहिरीवर बोलाविले. हे काम एकट्याचे नव्हे. एकाने हँडल फिरवावे लागते, दुसऱ्याने पाना धरून नट सोडावा व आवळावा लागतो, आणि वेळेवर "सोड", "थांब", "आवळ" असे म्हणावे लागते. थोरल्याने हँडल घेतले. पाना धाकट्याकडे दिला.

हँडल मारताना धुराड्याकडे नजर ठेवावी. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल आत पोचते आहे पण पेटत नाही. दुखणे दुसरे आहे. धूर मुळीच नसेल, तर डिझेलच पोचत नाही. त्यांच्या धुराड्यातून काहीच येत नव्हते. इंजिन बंद करण्याची दांडी "बंद"वरच राहिलेली नाही ना, हेही मी पाहून घेतले. या एका दांडीने पुष्कळ शहाण्यांना फसविले आहे.

मग टाकी निम्म्याहून वर भरली, कॉक पूर्ण उघडला आणि फिल्टर व सगळे सांधे स्वच्छ फडक्याने पुसून घेतले. सुटे धागे राहणारे कापड मात्र घेऊ नये. काम नेहमी टाकीकडून नोझलकडे करीत जावे, उलट कधीही नाही. कारण मागे राहिलेली हवा पुढे येणारच. प्रथम फिल्टरवरचा हवा सोडण्याचा स्क्रू दोन आटे सैल केला. आधी फुसफुस, मग फेस, मग बुडबुडे, आणि शेवटी डिझेलची सलग धार. ती धार वाहती असतानाच स्क्रू आवळावयाचा. थांबून आवळला तर हवा पुन्हा शिरते. त्यानंतर पंपावरचा स्क्रू तसाच. काही पंपांना असा स्क्रू नसतो. तेथे पंपाला डिझेल आणणाऱ्या नळीचा पोकळ बोल्ट थोडा सैल करून हेच करावे. खाली पत्र्याचा डबा धरावा, म्हणजे डिझेल विहिरीत उतरणार नाही.

आता राहिली पंपापासून नोझलपर्यंतची जाड पोलादी नळी. तिचा नोझलकडील नट अर्धा-एक फेरा सैल केला, वेग वाढविण्याची दांडी पुढे ओढून ठेवली, इंजिनाच्या डोक्यावरची दाब सोडण्याची खिट्टी उचलली आणि थोरल्याने हँडल संथपणे फिरविले. दहा-बारा फेऱ्यांनी नटाच्या कडेने फेस आला, वीस-पंचविसांनी निखळ डिझेल. "आवळ," थोरला म्हणाला. दोन दिवसांत भावाशी बोललेला तो त्याचा पहिला शब्द. नट आवळल्यावर पुन्हा हँडल फिरवीत कान दिला, तेव्हा नोझलमधून "कर्र, कर्र" असा बारीक आवाज प्रत्येक फेऱ्याला येऊ लागला. हा आवाज आला की अर्धे काम झाले समजावे. जोर धरून हँडल मारले, खिट्टी पाडली, आणि इंजिनाने काळा धूर ओकून ताल धरला.

येथे एक धोक्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नोझल काढून बाहेर धरून तुषार पाहण्याची काहींना हौस असते. त्या तुषारापुढे हात कधीही धरू नये, आणि इंजिन चालू असताना त्या नळीचा नट सोडू नये. इतक्या दाबाचे डिझेल सुईसारखे कातडीत शिरते. बाहेर नुसता ठिपका दिसतो, दुखतही नाही; परंतु आत डिझेल पसरून मांस सडू लागते आणि काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. असे झाल्यास हळद लावून बसू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे आणि डिझेल आत शिरले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. तसेच हवेच्या तोंडाशी पेट्रोलची चिंधी धरून इंजिन सुरू करण्याचा प्रकारही सोडून द्यावा. हँडल उलटे फिरून मनगटे मोडतात, आणि दट्ट्याच्या कड्या तुटतात त्या वेगळ्याच. हँडल धरताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा, हेही त्याच कारणास्तव.

परंतु ही गोष्ट शनिवारी संपली नाही. झावळ्यांच्या मिस्सेनंतर दोघे भाऊ चर्चच्या पायरीवर उभे. इंजिन सकाळी पुन्हा बंद!

दुपारी जाऊन पाहिले. टाकी भरलेली होती, तेव्हा या खेपेस धाकट्याकडे बोट दाखविण्यास जागा नव्हती. फिल्टरच्या खाली मात्र धुळीचा ओलसर, काळा थर चिकटलेला दिसला. टाकी वर असलेल्या इंजिनात सांधा गळका असला की दिवसा डिझेल बाहेर झिरपते, एवढेच दिसते. पण रात्री कॉक बंद केल्यावर खालचे डिझेल झिरपून जाते आणि त्याची जागा हवा घेते. सकाळी इंजिन रुसते. मी विचारले, हा फिल्टर कोणी उघडला होता? थोरला थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मीच, फादर. महिना झाला. वायसर जुनीच घातली."

तांब्याची वायसर एकदा दाबली गेली की कडक होते आणि पुन्हा घातल्यास नीट बसत नाही. नवी घालावी हे उत्तम. रविवारी दुकान कोठले उघडे? म्हातारीच्या चुलीत ती वायसर लाल होईपर्यंत तापविली, पाण्यात टाकली, वरची काजळी घासून काढली. अशी तापविलेली वायसर पुन्हा मऊ होते. ती बसविताना पान्यावर लोंबकळण्याची गरज नसते. आटे गेले तर मात्र खरोखरच मेस्त्रीचे बिल भरावे लागते. मग टाकीपासून नोझलपर्यंत सारी हवा पुन्हा काढली. या खेपेस मी बांधावर बसून होतो.

सोमवारी धाकट्याने बाजारातून अर्धा डझन नव्या वायसर आणून इंजिनाच्या खोपीत डबीत ठेवल्या. थोरल्याने बांबूची एक काडी तासून टाकीत बुडवून पाहिली व तिच्यावर चाकूने खूण केली. डिझेल त्या खुणेच्या खाली गेले की ज्याची पाळी असेल त्याने इंजिन थांबवून टाकी भरावयाची. संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवण्याचेही ठरले, कारण रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दंव धरते आणि ते पाणी डिझेलमध्ये उतरते. पिंपातले तळचे दोन-तीन बोटे डिझेल गाळाचे असते, ते टाकीत घालू नये, हे मी जाता जाता सांगितले.

पास्काच्या आठवड्यात पुन्हा त्या वाडीवर गेलो. वरच्या अंगाचे दोन वाफे वाळून गेले होते. बाकीची मिरची फुलावर आली होती. म्हातारी खाटेवरून विचारीत होती, "काडी बघितली का रे?" आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी उत्तर आले.