कॅरमच्या पटावर कोरेगाव

महाराष्ट्रातील मुले दिवाळीत अंगणात जो किल्ला करतात, त्यात लढाईच्या खेळाचे जवळजवळ सारे साहित्य आधीच हजर असते: विटा-दगडांचा सांगाडा, त्यावर चिखलात बुडवून पसरलेले पोते, हिरवळीसाठी पेरलेले हळीव किंवा मोहरी, बुरुजांवर मातीचे मावळे आणि सर्वांत वर महाराजांचे सिंहासन. नसतात ते फक्त नियम. मावळा जिथे ठेवला तिथे भाऊबीजेपर्यंत उभा राहतो. तो एका दमात किती चालेल, त्याची बंदूक कुठवर पोचेल आणि तो पडला असे केव्हा मानायचे, हे कोणी ठरवलेले नसते. या तीन प्रश्नांची उत्तरे आधी लिहून काढून, मोजपट्टी आणि फासे घेऊन दोन माणसे समोरासमोर बसली की शोभेच्या मांडणीचा खेळ होतो. त्याला इंग्रजीत ‘वॉरगेम’ म्हणतात. मराठीत युद्धपट म्हणायला हरकत नाही.

पटावर फौजा लढवण्याची कल्पना बुद्धिबळाइतकी जुनी असली, तरी बुद्धिबळात दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतात, सारा पट दोघांनाही दिसतो आणि दिलेला मार हुकत नाही; खऱ्या रणांगणावर यांपैकी एकही गोष्ट लागू पडत नाही. ही त्रुटी भरून काढण्याचा पद्धतशीर प्रयत्न प्रशियात रायस्वित्झ पितापुत्रांनी केला. वडिलांनी १८१२ साली आपला खेळ राजासमोर मांडला, आणि तोफखान्यात अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ साली त्याचे नियम प्रसिद्ध केले. त्यांत प्रमाणबद्ध नकाशा होता, नेम लागला की चुकला हे ठरवणारे फासे होते आणि कोणाला काय दिसते ते सांगणारा पंच होता. लष्करी शाळेतला हा खेळ घरात आणला तो एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने. १९१३ सालच्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात त्याने खेळण्यातील स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळी उडवून जे शिपाई आडवे पडतील ते मेले, असा फाशांना फाटा देणारा सोपा नियम सांगितला. तो गमतीदार आहे खरा, पण त्यात सेनापतीच्या बुद्धीपेक्षा नेमबाजाच्या हाताला अधिक महत्त्व येते. पुढे १९६२ साली डोनाल्ड फेदरस्टोन यांचे ‘वॉर गेम्स’ प्रसिद्ध झाले, आणि इंग्लंडमध्ये हा छंद घरोघरच्या टेबलांवर रुजण्यात त्या पुस्तकाचा मोठा वाटा होता.

मराठी घरात असा पट मांडायचा तर विषयासाठी वॉटर्लूपर्यंत जाण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या, म्हणजे घोड आणि भीमा या नद्यांच्या पट्ट्यात अभ्यासाला पुरतील अशा लढाया झालेल्या आहेत, आणि त्यांपैकी १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई पटाच्या दृष्टीने विशेष उपयोगी आहे. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्यात पुणे इंग्रजांच्या हाती गेले. तरीही दुसरा बाजीराव पेशवा मोठी फौज घेऊन मोकळा फिरत होता. तो पुण्यावर चाल करील या भीतीने तेथील कर्नल बर याने शिरूरच्या छावणीतून कुमक मागवली. ३१ डिसेंबरच्या रात्री आठच्या सुमारास कॅप्टन स्टॉन्टन शिरूरहून निघाला. त्याच्याबरोबर मुंबई फौजेच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे ५०० शिपाई, सुमारे ३०० स्वार, दोन सहापौंडी तोफा आणि मद्रास तोफखान्याचे सुमारे २४ गोलंदाज होते. रात्रभर सुमारे ४० किलोमीटर चालून सकाळी दहाच्या सुमारास तो कोरेगावाजवळच्या उंचवट्यावर आला, तेव्हा भीमेच्या पलीकडे पेशव्यांची फौज पसरलेली दिसली. कंपनीच्या अंदाजाप्रमाणे ती २८,००० होती आणि तिच्यात २०,००० घोडदळ होते. स्टॉन्टनने गावात शिरून गावकुसाचा आसरा घेतला; पेशव्यांकडून अरब, गोसावी आणि कवायती पायदळ अशी प्रत्येकी सुमारे ६०० जणांची तीन पथके नदी उतरून गावावर आली, आणि दुपारपासून रात्री नऊपर्यंत गल्ल्यागल्ल्यांतून झुंज चालली.

हे सारे घरात मावेल अशा पृष्ठभागावर आणायचे, तर कॅरमचा पट सोयीचा पडतो. त्याची आतली बाजू सुमारे ७४ सेंटिमीटरची असते, कड लाकडी असल्याने फासे जमिनीवर सांडत नाहीत, आणि कोपऱ्यांतील चार भोकांवर पुठ्ठ्याचे तुकडे ठेवले की एखादा अरब जमादार अकारण गायब होण्याची भीती उरत नाही. १ सेंटिमीटर म्हणजे १० मीटर हे प्रमाण धरले की ७४० मीटर लांबरुंद प्रदेश हाती येतो. पश्चिमेच्या कडेला निळ्या जिलेटीन कागदाची भीमा, मध्ये तळहाताएवढे गाव, पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर माती आणि डिंक थापून केलेले व मुद्दाम दोन-तीन ठिकाणी ढासळलेले गावकूस, आणि आत एक गढी. गावाच्या मानाने नदी रुंद दिसली तरी चालते, कारण ती उतरायला वेळ लागतो हे खेळणाऱ्याच्या मनावर ठसणे नकाशाच्या अचूकपणापेक्षा अधिक गरजेचे असते. कुंभारवाड्यातील दिवाळीचे मावळे या प्रमाणात राक्षस ठरतात, म्हणून जाड कागदावर चितारून, कापून उभे केलेले दोन सेंटिमीटर उंचीचे शिपाईच बरे. असे चार शिपाई चार सेंटिमीटरच्या चौकोनी पुठ्ठ्यावर चिकटवले की त्यांची एक ‘तुकडी’ होते आणि ती १०० माणसांच्या जागी उभी राहते.

खरी अडचण इथून पुढे सुरू होते. कंपनीच्या वाट्याला पायदळाच्या पाच तुकड्या, स्वारांच्या तीन आणि दोन तोफा येतात; त्याच हिशेबाने पेशव्यांची सारी फौज मांडायची तर २८० तुकड्या लागतील आणि त्या कॅरमच्या पटाचा चार-पंचमांश भाग झाकून टाकतील, म्हणजे लढायला नदीही उरणार नाही आणि गावही. नवखा रचनाकार अशा वेळी शत्रूची संख्या गुपचूप कमी करतो किंवा पाचपन्नास शिपाई अंगात वीज संचारल्यासारखे लढतात असा नियम घालतो. दोन्ही उपाय लटके आहेत. प्रत्यक्ष गावात शिरून लढलेले पेशव्यांचे लोक सुमारे २,००० होते, म्हणून पटावर तीन पथकांच्या मिळून अठरा तुकड्याच आणाव्यात आणि उरलेली फौज पटाबाहेर असली तरी तिचा दाब पटावर जाणवावा, हे योग्य. तो दाब असा: कंपनीच्या स्वारांनी गावाबाहेर पाऊल टाकले की ते घेरले गेले असे मानायचे, आणि पेशव्यांच्या पडलेल्या तुकड्यांपैकी एक दर तीन फेऱ्यांनी नदीकाठी पुन्हा उभी करायची.

‘फेरी’ म्हणजे दोन्ही बाजूंनी एकेकदा हालचाल आणि मारा करणे. दुपारचे बारा ते रात्रीचे नऊ हा वेळ पाऊण तासाच्या बारा फेऱ्यांत बसतो. इथे चाणाक्ष वाचकाला एक विसंगती दिसेल: पाऊण तासात माणूस हा सारा पट चारदा ओलांडील, मग पायदळाला एका फेरीत फक्त १२ सेंटिमीटरच का चालू द्यायचे? उत्तर असे, की लढाईतला बहुतेक वेळ चालण्यात जात नाही. तो वाट पाहण्यात, पांगलेली माणसे गोळा करण्यात आणि हुकूम पोचण्यात जातो, आणि पटावरची फेरी हा सारा रिकामा वेळ पोटात घेऊनच मोजलेली असते.

आता एक हल्ला जवळून पाहावा. अरबांच्या सहा तुकड्या वेशीपासून ३० सेंटिमीटरवर आहेत. वेशीत एक तोफ आणि कुसाआड पायदळाच्या दोन तुकड्या. छर्ऱ्याच्या माऱ्यात तोफ ३० सेंटिमीटरपर्यंत तीन फासे टाकते, बंदुकीची तुकडी १० सेंटिमीटरपर्यंत एक. उघड्यावरच्या शत्रूवर पाच किंवा सहा पडले की एक घाव, आणि दोन घावांनी एक तुकडी उठते. पहिल्या फेरीत अरब १२ सेंटिमीटर पुढे येतात आणि तोफेचे तीन फासे सरासरीने एक घाव घालतात. दुसऱ्या फेरीत ते सहा सेंटिमीटरवर येतात, बंदुकाही बोलू लागतात आणि पाच फाशांत सरासरी दीडहून थोडे अधिक घाव होतात. म्हणजे वेशीशी भिडेपर्यंत सहांपैकी एखादीच तुकडी उठलेली असते, आणि पाच विरुद्ध दोन असा सामना कंपनीला जड जाणार असे वाटते. पण गल्लीत एका वेळी दोनच तुकड्या मावतात, असा नियम केला की मागच्या तीन नुसत्या उभ्या राहतात. संख्येचा जोर गल्लीच्या रुंदीपुढे कसा लंगडा पडतो, हे समजायला याहून सोपे साधन नाही. याउलट तोफ बंद पडली की सारा हिशेब फिरतो, आणि तोफेवरचे लोक सर्वांत आधी मरतात: कोरेगावात तोफखान्याचे १२ ठार आणि ८ जखमी झाले, त्यांचा अधिकारी लेफ्टनंट चिझम मारला गेला, आणि हातची गेलेली एक तोफ लेफ्टनंट पॅटिन्सन याने जखमी अवस्थेत हल्ला चढवून परत घेतली. हा पॅटिन्सन पुढे शिरूरला मरण पावला. म्हणून गेलेली तोफ परत घेण्यासाठी कंपनीला एकदाच एक जादा फासा द्यावा. दुसऱ्यांदा दिला तर ती कृपा ठरते.

पाणी हा नियम बहुतेक जण विसरतात. रात्रभर चालून आलेली फौज नदीकाठच्या गावात असूनही दिवसभर तहानेने व्याकूळ होती, कारण पाण्याची वाट पेशव्यांच्या माऱ्याखाली होती. पाचव्या फेरीपासून कंपनीच्या तुकडीच्या प्रत्येक फाशातून एक वजा करावा, आणि आठव्या फेरीअखेर सूर्य मावळला की पाणी भरण्याची मुभा द्यावी; एवढ्याने दुपारची घालमेल पटावर उतरते.

उरतो जिंकण्याचा निकष, आणि कोरेगावच्या बाबतीत पटाची सारी मदार त्यावर आहे. कंपनीचे ८३४ पैकी २७५ लोक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. पेशव्यांच्या बाजूचे पाच-सहाशे कामी आले वा जखमी झाले, असा इंग्रजांचा अंदाज. रात्री पेशव्यांच्या लोकांनी गाव सोडले, म्हणून कंपनीने हा आपला मोठा विजय मानला. पण स्टॉन्टन पुण्याला पोचू शकला नाही, त्याला शिरूरला परतावे लागले, आणि जनरल स्मिथची फौज मागावर असल्याने बाजीरावाला तेथे थांबणे मुळात परवडणारेच नव्हते. मग जिंकले कोण? गाव राखणे हा निकष धरला तर एक उत्तर येते, पुण्याला कुमक पोचवणे हा धरला तर दुसरे, आणि फौज शाबूत ठेवून दक्षिणेला निसटणे हा धरला तर तिसरे. रचनाकाराने एकच निकष दोघांना लावला तर खेळ रुक्ष होतो. दोघांना निरनिराळे उद्देश चिठ्ठीवर लिहून द्यावेत, आणि सहाव्या फेरीपासून पेशव्यांच्या खेळाडूने दर फेरीला दोन फासे टाकावेत. बेरीज अकरा किंवा बारा आली की स्मिथ जवळ आल्याची बातमी पोचली आणि दोन फेऱ्यांत खेळ आटोपला असे समजावे. मग गढी घेतलेला खेळाडूही अस्वस्थ होतो, आणि बापू गोखल्यांसारख्या सेनापतीला कोणत्या पेचात लढावे लागले असेल त्याची थोडी कल्पना येते.

कागदी शिपायांना कोणता चेहरा द्यायचा, हा प्रश्नही रंगाच्या डबीपुरता नाही. कंपनीच्या पलटणीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्याबरोबर मराठे, राजपूत, मुसलमान व बेने इस्राएलही होते; नदीपलीकडे पेरणे येथे उभारलेल्या स्तंभावर कोरलेल्या ४९ नावांपैकी २२ महारांची आहेत. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे भेट दिली आणि आजही दर वर्षी त्या दिवशी तेथे मोठा जनसमुदाय येतो. ज्या लढाईची आठवण इतकी जिवंत आहे, तिचा पट मांडणाऱ्याने दोन्हीकडच्या माणसांना नावगाव आहे हे विसरू नये आणि नियमांत कोणाच्या शौर्याला जन्मजात जादा गुण देऊ नयेत. शौर्य फाशावर सोडावे, अन्याय तिथे कमी होतो.

याच पट्ट्यातील दुसरा प्रसंग रचनाकाराची अधिक कठीण परीक्षा घेतो. १७६२ सालच्या नोव्हेंबरात रघुनाथराव निजामाची मदत घेऊन पुतण्यावर चालून आला. ७ तारखेला घोडनदीवर आणि १२ तारखेला भीमाकाठच्या आळेगावाजवळ लढाई झाली. १७ वर्षांच्या माधवराव पेशव्याची बाजू पडती ठरली, तेव्हा घरातील फूट निजामाच्या पथ्यावर पडेल हे ओळखून तो स्वतः काकाच्या छावणीत गेला आणि स्वाधीन झाला. पुढच्याच वर्षी, १० ऑगस्ट १७६३ ला, काका-पुतण्यांनी मिळून राक्षसभुवनावर निजामाचा पराभव केला. नेहमीच्या नियमांनी हा पट मांडला तर माधवरावाचा खेळाडू शेवटची तुकडी उठेपर्यंत लढत राहील, कारण शरण जाण्यात त्याला काहीच मिळत नाही. त्यासाठी गुणांची पद्धतच बदलावी लागते: माधवरावाच्या खेळाडूला कोणत्याही फेरीला शरण जाण्याची मुभा असावी, आणि त्या क्षणी पटावर उभ्या असलेल्या मराठ्यांच्या सर्व तुकड्या, मग त्या काकाच्या असोत वा पुतण्याच्या, त्याच्याच गुणांत मोजाव्यात.