डिजिटल लोकसेवा धोरणाचे नियोजन : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
17,048 चौ. कि.मी. क्षेत्रफळाचा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) हा राज्यातील सर्वांत विस्तृत जिल्हा होय. अकोले व जामखेड ही त्याची दोन टोके परस्परांपासून दूर आहेत. अशा जिल्ह्यात दाखल्यासाठी कचेरीत घालावी लागणारी प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी असते. म्हणूनच शासन डिजिटल सेवांचे नियोजन कसे करते, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा उरत नाही.

नियोजनाचे टप्पे :
केंद्र शासनाने 18 मे 2006 रोजी राष्ट्रीय ई-शासन योजनेस मान्यता दिली. राज्यांची विदा केंद्रे, राज्यव्यापी संगणकीय जाळे आणि गावपातळीवरील सामाईक सेवा केंद्रे हे तिचे तीन आधार होते. या टप्प्यावर भर होता तो सेवा पोहोचविण्याच्या साधनांवर. परंतु सेवा किती दिवसांत मिळावी आणि विलंबास जबाबदार कोण, याचे उत्तर यंत्र देत नाही. ते कायद्याने द्यावे लागते. याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धी येथून अण्णा हजारे यांनी चालविलेल्या चळवळीच्या पार्श्वभूमीवर राज्यात माहितीच्या अधिकाराचा 2002 चा कायदा झाला. त्यापुढील पाऊल म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015. त्यानुसार प्रत्येक अधिसूचित सेवेस कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकारी व अपिलाची व्यवस्था ठरविली जाते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास 500 ते 5000 रुपये शास्ती होऊ शकते. ‘आपले सरकार’ संकेतस्थळ ही या हक्काची डिजिटल बाजू होय.

ई-पीक पाहणी : एक उदाहरण
सातबारा उताऱ्यातील गाव नमुना बारामध्ये पिकांची नोंद पूर्वी तलाठी करीत असे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून, पिकाच्या छायाचित्रासह, ही नोंद करण्याची पद्धत सुरू झाली. नोंद प्रत्यक्ष बांधावरून व्हावी, हा तिचा लाभ निर्विवाद आहे. मात्र येथे केवळ माध्यम बदलले नाही. काम कोणी करावयाचे, हेही बदलले. पीककर्ज, नुकसानभरपाई व हमीभावाने खरेदी यांसाठी ही नोंद महत्त्वाची ठरते. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातील ज्या शेतकऱ्याकडे स्मार्टफोन नाही वा ज्याच्या शिवारात रेंज नाही, त्याची नोंद राहून गेल्यास उणीव यंत्रणेची असते. तोटा मात्र त्याला सोसावा लागतो.

निष्कर्ष :
यावरून नियोजनाचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम सेवा व तिची मुदत निश्चित करावी. नंतर अनावश्यक कागदपत्रे वगळून कार्यपद्धती सुटसुटीत करावी. त्यानंतरच तंत्रज्ञान निवडावे. शेवटी, ज्याला ते वापरता येत नाही त्याच्यासाठी साहाय्यकाची व कागदी अर्जाची वाट खुली ठेवावी. ही वाट तात्पुरती सवलत म्हणून नव्हे, तर धोरणाचा अविभाज्य भाग म्हणून आखली जावी. किती अर्ज ऑनलाइन आले, यापेक्षा किती नागरिकांची खेप वाचली, हाच धोरणाच्या यशाचा खरा निकष होय.